खिडकीच्या आतली माणसं

रत्नागिरी
नागपंचमी

चि. सौ. कां. मनूस,


व्हॉट्सॲपवर अडीच ओळींत विचारलेल्या प्रश्नाला आत्या पत्रानं उत्तर देतेय म्हणून तुम्ही दोघं हसाल. खुशाल हसा. मोबाईलवर एवढं टाइप करायचं म्हणजे माझा अंगठा दुखतो, आणि तुझा प्रश्न अडीच ओळींचा नाहीच मुळी.

"आत्या, फोंतेन्हासमध्ये प्री-वेडिंग करायचंय. दोन तास पुरतील ना? ते पिवळं घर कुठल्या गल्लीत आहे? ऊन कधी छान असतं?"

ऊन सकाळी आठच्या सुमाराला छान असतं. पिवळी घरं पुष्कळ आहेत. आणि दोन तासांचं म्हणशील तर, माझं ऐकणार असलीस तर फोटो पुण्यातच काढा. पर्वतीवर काढा, तळजाईवर काढा. लग्न झालं की मग फोंतेन्हासला जाऊन चार रात्री राहा. त्या राहण्याची सोय मी केली आहे, ते शेवटी सांगते.

रागावू नकोस. पणजीत मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली अठरा मळा नावाच्या भागात, म्हणजे फोंतेन्हासच्या अगदी कुशीत. ती वस्ती केवढी लहान आहे याचा तुम्हाला अंदाज नाही. पश्चिमेला आल्तिनोची टेकडी, पूर्वेला ओरेंची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत समांतर जाणारे दोन-तीन रस्ते नि त्यांना जोडणारे बोळ. रमतगमत गेलीस तरी वीस मिनिटांत संपतं. एवढ्याशा जागेत रोज सकाळी झगे, फुगे, रिफ्लेक्टर आणि ड्रोन घेऊन किती जोडपी उतरत असतील याचा विचार कर. दाराच्या पायरीवर कुणी अनोळखी मुलगी घेर पसरून बसलेली, त्यामुळे घरच्या माणसाला बाजाराला जाताना तिला ओलांडून जावं लागतं. कितीतरी दारांवर आता पाट्या लागल्यात: फोटो काढू नका, हे राहतं घर आहे. व्यावसायिक चित्रीकरणाला महापालिकेची परवानगी लागते, हे तुमच्या फोटोग्राफरनं सांगितलं का? पॅकेजमध्ये धरलंय म्हणाला असेल तर कागद दाखव म्हणावं.

मी शहाणी होते असं समजू नकोस. माझी बदली पणजीला झाली १९८६च्या पावसाळ्यात. त्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला होता, म्हणून बेतीला बसमधून उतरून ट्रंक, वळकटी आणि स्टो घेऊन मी फेरीबोटीनं पणजीत उतरले. पहिल्याच रविवारी तुझ्या आजोबांचा कॅमेरा गळ्यात अडकवून फोंतेन्हासमध्ये गेले. एका निळ्या भिंतीत शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी होती. फोटो काढला. खटका वाजला आणि खिडकीची एक झडप उघडली. आत पांढऱ्या केसांच्या एक आजी. त्या ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "फोटो काडलो मूं? आतां एक कॉपी म्हाका हाडून दी."

छत्तीस फोटोंचा रोल संपून, धुऊन हातात यायला तीन आठवडे लागले. प्रत घेऊन गेले. आजींनी ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, खिडकी बरी आलीय, पण मी कुठाय? मी म्हटलं, तुम्ही आत होता, दिसत नव्हता. "हांव पळयतालें," त्या म्हणाल्या. मी बघत होते.

त्या शिंपल्यांची गंमतच तशी आहे. काच महाग होती त्या काळात चपट्या, अर्धपारदर्शक शिंपा घासून, चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवत. उजेड आत येतो, दुधासारखा. ऊन येत नाही आणि बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. आतल्यानं मात्र झडप बोटभर किलकिली केली की सगळा रस्ता समोर. तू तिथं बघायला म्हणून जाशील, आणि पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत गल्लीनं तुला पाहून घेतलेलं असेल. दोन तासांसाठी आलेल्या माणसाकडे कुणी लक्ष देत नाही. तसली रोज येतात. दुसऱ्या दिवशीही जी दिसते तिच्याकडे बघून मान हलते. तिसऱ्या दिवशी विचारतात, कुठल्या? चार रात्रींचा आग्रह त्यासाठी आहे.

आजी मला पुढं नऊ वर्षं लाभल्या. मला जे काही त्या वस्तीचं कळलं ते निम्म्याहून अधिक त्यांच्या जेवणघरात.

तू वाचून जा म्हणून थोडं सांगते. गाईडकडून ऐकशील त्यातलं बरंचसं गोड केलेलं असतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जागा म्हणजे टेकडीचा पायथा, दलदल आणि माडांची बाग. मालक आंतोनियो ज्युआंव द सिकेर; मोझांबिकमध्ये पैसा करून आला म्हणून लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. तिकडे जुनं गोवं रोगराईनं ओस पडत होतं. व्हाइसरॉय १७५९मध्येच पणजीला आदिलशहाच्या जुन्या वाड्यात येऊन राहिला होता, आणि १८४३मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. राजधानी म्हटली की कारकून, वकील, छापखानेवाले, लष्करातले अधिकारी आले. त्यांना घरं हवीत. ती इथं उभी राहिली. नाव पडलं झऱ्यावरून. मळ्याच्या बाजूला टेकडीच्या पायथ्याशी 'फोंते फिनिक्स' म्हणून झरा आहे, तो बघ. छायाचित्रात तो कुणी काढत नाही, पण सगळ्या वस्तीचं नाव त्याच्यावर चालतं.

रंगांबद्दल सांगतात ते असं: पोर्तुगीज अमदानीत दर पावसाळ्यानंतर घर रंगवावंच लागे, आणि निव्वळ पांढरा रंग चर्च-कपेलांसाठी राखलेला. म्हणून घरांच्या वाट्याला पिवळा, निळा, हिरवा, गेरू. पण मनू, भिंत जांभ्याची, वर चुन्याचा गिलावा, आणि पाऊस शंभर इंचांच्या वरचा. रंग हौसेनं देतात तसा गरजेनंही देतात. त्या पिवळ्या घराच्या मालकाला दर वर्षी त्याचा खर्च येतो. फोटोंतून त्याला दमडी मिळत नाही.

आणखी एक. कुणीतरी तुला सांगेलच की फोंतेन्हास युनेस्कोच्या यादीत आहे. नाही. १९८६मध्ये यादीत गेली ती जुन्या गोव्याची चर्चं आणि मठ. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की आता माझाच मला कंटाळा येतो. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला वाद घालायची हौस आहे असं ऐकते, त्याच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

वस्तीच्या दक्षिण टोकाला सेंट सेबास्तियनचं कपेल आहे. पांढरं, लहान, समोर विहीर. तिथं सगळे थांबतात, विहिरीवर बसतात, निघून जातात. तू आत जा. दार उघडं असेल तेव्हाच, आणि प्रार्थना चालू नसेल तेव्हा. आत एक मोठा क्रूस आहे. एरवी ख्रिस्ताची मान खाली झुकलेली आणि डोळे मिटलेले असतात. इथं मान ताठ आणि डोळे उघडे. हा क्रूस जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मचौकशीच्या कचेरीच्या, वाड्यात होता. ज्यांची चौकशी व्हायची त्यांना या उघड्या डोळ्यांसमोर उभं करत. १८१२मध्ये इन्क्विझिशन बंद झालं तेव्हा तो पणजीत व्हाइसरॉयच्या वाड्यातल्या कपेलात आणला, आणि १९१८मध्ये इथं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्या जागी बसवेना. आपले पूर्वज देव घेऊन रातोरात नदीपलीकडे गेले, ते याच कचेरीच्या काळात. आजींना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माझे पूर्वज राहिले, त्यांनाही त्याच डोळ्यांची भीती होती. त्यानंतर आम्ही दोघी कितीतरी वेळ शेंगा सोलत बसलो. या विषयावर मला त्याहून जास्त शहाणं बोलता येत नाही.

आता जरा जपून वागायच्या गोष्टी. तू मराठी आहेस, पुण्याची आहेस, म्हणून मुद्दाम.

"कोकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?" हे वाक्य घरी ठेवून जा. गंमतीतसुद्धा नको. १६ जानेवारी १९६७ला गोव्यानं मत दिलं की महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. चौतीस हजारांच्या फरकानं वेगळं राहायचं ठरलं. आपल्याकडे ही गोष्ट शाळेत कुणी शिकवत नाही. तिथं ती घराघरांत माहीत आहे, आणि फोंतेन्हाससारख्या वस्तीत तर कोण कुठल्या बाजूला होतं हे नावानिशी. उलट बाजूनं, गोव्यातल्या हजारो हिंदू घरांत मराठी ही पोथीची, भजनाची, वर्तमानपत्राची भाषा आहे आणि त्यांनाही तिचा अभिमान आहे. हा घरातला वाद आहे. पाहुण्यानं त्यात पडू नये. तू सरळ मराठीत बोल, सावकाश. समजतं. उत्तर कोकणीत किंवा इंग्रजीत येईल. उगाच हिंदी फाडू नकोस. निघताना "देव बरें करूं" म्हण. आभार मानायची याहून चांगली रीत मला कुठल्या भाषेत सापडली नाही.

दुपारी एक ते चार कुणाच्या दाराशी जाऊ नकोस, रस्त्यात मोठ्यानं हाका मारू नकोस. दुकानं बंद असतात. त्याला आळस म्हणणारे लोक मेच्या दुपारी दोन वाजता त्या गल्लीतून चालून बघोत. तूही झोप. जुन्या घरातली ती झोप वेगळीच असते: उंच छत, जाड भिंत, लांब कुठंतरी पंप चालू.

सगळीच घरं गोंडस नाहीत. काही पडायला आली आहेत, छपरातून पिंपळ उगवलाय. "सरकार काही करत का नाही?" असं तुझ्या तोंडी येईलच. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातली वारसाहक्काची तत्त्वं अजून चालतात. मुलगा-मुलगी भेद नाही, सगळ्यांना हिस्सा. चांगलंच आहे, आमच्या वेळी आम्हा बहिणींना काय मिळालं ते तुझ्या बाबांना विचार. पण तीन पिढ्यांनंतर एका घराला पंधरा-वीस वारस होतात. एक लिस्बनला, दोन लंडनला, एकाचा पत्ताच नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय विकता येत नाही, आणि आपला पैसा दुसऱ्याच्या हिश्शात घालून छप्पर कोण शाकारणार? ज्या घराचं गेस्ट हाऊस झालं ते त्यामुळेच बहुधा वाचलं. म्हणून तिथं राहायला जाणं मला पटतं. तुझ्या भाड्यातून कौलं बदलली जातात.

मात्र जुन्या घरात राहायचं तर तक्रारी घेऊन जायचं नाही. लाकडी जमीन करकरते. न्हाणीघर मागाहून बांधलेलं, जरा अडचणीचंच. डास आहेत, खाडी आहे म्हटल्यावर असणारच. ओहोटीला खाडीचा वास येतो. पावसाळ्यात कपाटाला बुरशीचा वास. रुआ द ओरें या खाडीकाठच्या रस्त्यावर रहदारी फार, तिकडच्या खोलीत झोप लागत नाही. नेहमी आतल्या गल्लीतली खोली मागावी. एकदा मी एका ठिकाणी पाहुण्यांसाठी खोली ठरवली, तिथं 'वारसा वास्तू' म्हणून दर लावला आणि भिंती निघाल्या प्लायवूडच्या. तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते: मालक त्याच घरात राहतात का? राहत असतील तर बाकीचं निभतं.

गाडी घेऊन जाऊ नका. लावायला जागा नाही, आणि गल्लीत वळवताना सबंध वस्ती सूचना देते. रात्रीच्या बसनं जा. पहाटे कदंब स्थानकावर उतराल, तिथून पाटोकडनं खाडी ओलांडली की दहा-पंधरा मिनिटांत चालत पोचता. त्या वेळी पाण्यावर घरांचे रंग उतरलेले असतात आणि गावात कुणी नसतं. तुम्हाला हवा होता तो फोटो तिथं आहे. काढ हवा तर, पलीकडच्या काठावरून. कुणाच्या पायरीवर बसावं लागत नाही.

खाण्याचं. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, सायकलवर टोपली, हातात रबरी भोंगा. पोई घे, कोंड्याची, पोकळ. ती ऊन ऊन असतानाच लोणी लावून. उंडो घे. काकणं चहात बुडवायला. तुझ्या सासूबाई सोबत येणार असतील आणि त्या शाकाहारी आहेत म्हणून काळजी करू नकोस. पणजीतल्या जुन्या हॉटेलांत सकाळी पाव-भाजी मिळते, म्हणजे आपली मुंबईची लालभडक नव्हे. पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही मिसळून, आणि सोबत गोडसर बन. दुपारी तुम्ही दोघं मासे खा. हुमण, किसमूर, तिसऱ्या, सोलकढी. रात्री रोस आमलेट: आमलेटावर शागुतीचा रस्सा. पोट बिघडलं तर मला फोन करू नका.

फोंतेन्हासमध्ये 'एकतीस जानेवारी रस्ता' हे नाव वाचून तू गोव्याच्या मुक्तीचा दिवस समजशील. मुक्ती १९ डिसेंबर १९६१ची. एकतीस जानेवारी म्हणजे १८९१मध्ये पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध झालेला उठाव. पोर्तुगीज गेले, नाव राहिलं. मला ते आवडतं. पाट्या पुसून इतिहास पुसला जात नाही.

संध्याकाळी एक दिवस पायऱ्यांनी आल्तिनोवर चढा. एक दिवस मळ्यातून मारुतीच्या देवळाकडे जा. उंचावरून सगळी कौलं दिसतात आणि खालच्या कपेलाची घंटाही ऐकू येते. सचिवालयाच्या जुन्या वाड्याशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, हात पसरून एका बाईला संमोहित करणारा. १९४५चा, रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला. पुतळा पाहून लहानपणी तुझा दादा रडला होता. ओरें ओलांडून पाटोला सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२मध्ये स्थापन झालेली. मराठी विभागात माझी कितीतरी दुपारं गेली. पाऊस आला तर तिथं जा. जुन्या गोव्याला बसनं जाताना रायबंदरचा बांध लागेल, तीनेक किलोमीटर लांब, १६३४च्या सुमाराचा. त्यावरून आजही गाड्या जातात, आणि १९८६मध्ये पडलेला पूल सोळा वर्षांचाच होता, एवढंच लक्षात ठेव. कॅसिनोच्या बोटी दिसतील, त्या दिसल्याशिवाय राहणारच नाहीत. त्यांच्याबद्दल मी लिहायला बसले तर तिकीट जास्त लावावं लागेल.

नाताळ ते नववर्ष जाऊ नका. कार्निव्हललाही नको. लग्न मार्गशीर्षात आहे, तर सत्यनारायण, गोंधळ, देवदर्शन सगळं उरकून जानेवारीच्या उत्तरार्धात जा. पोस्टातून मला एक कार्ड टाक. साओ तोमेचं मोठं पोस्ट फोंतेन्हासला लागूनच आहे.

आता सोय. आजी गेल्यावर घर दहा वर्षं बंद होतं. त्यांच्या नातवानं ते सोडवून घेतलं, चार खोल्या पाहुण्यांसाठी केल्या, मागच्या भागात तो आणि त्याची बायको राहतात. मी त्याच्याशी बोलले आहे. आगाऊ काही देऊ नकोस, तो घेणार नाही. जाताना गोडा मसाला आणि अर्धा किलो चिवडा ने. तुम्हाला रस्त्याकडची पहिली खोली दिली आहे. पूर्वीचं जेवणघर ते. भिंत आता निळी नाही, गेरूची आहे, पण खिडकी तीच. मी काढलेला फोटो, त्यांची ती कॉपी, नातवानं चौकट करून तिथंच लावला आहे असं म्हणाला. बघून मला सांग.

त्या खिडकीची एक खोड आहे. आधी खालची खिट्टी काढायची, मग वरची. उलट केलंस तर झडप फुगून अडकते आणि मग हिसडा दिला की शिंप तडकते. तसली शिंप आता बसवून मिळत नाही. पोदेर साधारण साडेसहाला येतो. भोंगा ऐकल्यावर खिडकी उघडून "राव रे" म्हणून ओरडायचं आणि गाऊनवर शाल घेऊन खाली जायचं. सगळ्या तशाच येतात. सुटे पैसे रात्रीच काढून ठेव.

तुझी,
आत्या